मोबाईल हिसकावण्याआधी आठ दिवस वही लिहा

पालकसभेत मागच्या बाकावरून एक बाप उठला आणि म्हणाला, "सर, पोरगं मोबाईल सोडीना गेलंय. फोडून टाकू का?" सगळे हसले. सभा संपल्यावर त्या हसणाऱ्यांतलेच पाच-सहा जण एकेकटे माझ्याकडं आले आणि हळू आवाजात तेच विचारून गेले.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. नववी-दहावीचा वर्गशिक्षक. मी डॉक्टर नाही, पण या बाबतीत काय केलं की बिघडतं हे स्वतः बिघडवून शिकलोय. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात फोन सापडला. मी तो कपाटात ठेवला, किल्ली खिशात टाकली आणि सांगितलं, "आठ दिवसांनी घरचं कुणीतरी घेऊन ये." आठ दिवसांनी कुणी आलं नाही, मुलगाही यायचा बंद झाला. शेवटी मीच त्याच्या वस्तीवर गेलो. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, कर्नाटकातल्या कारखान्याला गेलेले. घरी आजी आणि धाकटी बहीण. रात्री आठच्या सुमारास आई उसाच्या फडावरून कोपीवर, तिथल्या झोपडीत, आली की याच फोनवर दोघा लेकरांशी बोलायची. मला वाटलं होतं, मी गेम बंद केला. मी त्यांची आई बंद केली होती.

म्हणून पुढं जे सांगतोय त्यात फोन काढून घेणं फार उशिरा येतं. बऱ्याच घरांत ते येतही नाही.

सवय कुठं संपते

दिवसाला किती तास म्हणजे व्यसन, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात कमी कामाचा आहे. दहावीचं एक पोरगं चार तास फोनवर असतं, त्यातले तीन तास गणिताचे व्हिडिओ बघतं. दुसरं दीडच तास बसतं, पण त्या दीड तासाच्या रिचार्जसाठी आजीच्या पिशवीतून पैसे काढतं. काळजी दुसऱ्याची करायची.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणाला मान्यता दिली, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात गेमिंगचा विकार आजार म्हणून नोंदला आहे. खुणा तीन. खेळणं कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं यावरचा ताबा सुटतो. जेवण, झोप, अभ्यास, दोस्त या सगळ्यांच्या वर खेळ जाऊन बसतो. आणि नुकसान डोळ्यांपुढं दिसत असूनही खेळ चालूच राहतो, उलट वाढतो. हे साधारण १२ महिने टिकलंय का ते डॉक्टर बघतात. प्रकार गंभीर असेल तर आधीही निदान करतात. रील्स बघणं, चॅटिंग, नुसतं स्क्रोल करणं यांना त्या यादीत वेगळ्या आजाराचं नाव मिळालेलं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी १९९८ मध्ये इंटरनेटच्या व्यसनासाठी २० प्रश्नांची एक चाचणी मांडली, ती आजही सगळीकडं वापरतात. ती घरी भरून बघायला हरकत नाही, पण आलेल्या आकड्यावरून पाहुण्यांत "आमचं लेकरू व्यसनी झालंय" असं सांगत सुटू नका. निदान दवाखान्यात होतं.

मात्र हे सुटत का नाही, ते पालकांना कळायला हवं. त्यासाठी मी बोअरचं उदाहरण देतो, कारण आपल्याकडं ते लगेच पोचतं. पहिला बोअर कोरडा गेला. दुसऱ्याला तीनशे फुटांवर नुसती ओल लागली. तिसऱ्याला इंचभर पाणी लागलं, तेही उन्हाळ्यात आटलं. तरी चौथा पाडलाच ना? दरवेळी पाणी लागलं असतं किंवा कधीच लागलं नसतं, तर माणूस थांबला असता. कधीतरी लागतं, म्हणून थांबवत नाही. बोटानं रील वर सरकवणं म्हणजे तसाच बोअर, फक्त तो मिनिटाला दहा वेळा पाडता येतो आणि मशीनवाल्याला फुटामागं पैसे द्यावे लागत नाहीत. बक्षीस नेमकं केव्हा येईल हे ठाऊक नसलं की मेंदू जास्त जोरानं मागं लागतो. त्यात पान संपत नाही, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. मेंदूचा मोह आवरणारा पुढचा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते. चाळिशीतल्या बापाला जे आवरत नाही ते चौदा वर्षांच्या पोराला आवरावं, ही आपली अपेक्षा असते.

पहिले आठ दिवस: वही

आता काम सुरू. आठ दिवस काही बंद करायचं नाही, ओरडायचं नाही, टोमणाही मारायचा नाही. एक जुनी अर्धी कोरी वही घ्या आणि रोज झोपण्याआधी पाच मिनिटं लिहा. चारच गोष्टी: फोन हातात कधी घेतला, त्याच्या आधी काय झालं होतं, फोनवर काय चाललं होतं, आणि खाली ठेवताना चेहरा कसा होता. तासांची बेरीज वहीत नको. ती फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंगमध्ये आयती मिळते.

एका आईनं लिहिलेल्या ओळी, तिला विचारून इथं देतो.

"सोमवार. ५.३० ला शाळेतून आला. दप्तर फेकलं, खायला न घेता फोन. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाला.
मंगळवार. तसंच. ग्रुप उघडून बघतो, परत बंद करतो.
बुधवार. सुट्टी. दुपारपर्यंत फोन मागितला नाही. शेळीला पाला आणला.
गुरुवार. ५.३० ला आला, फोन. रात्री १ ला उठले तर वाकळंत उजेड.
शुक्रवार. हे पिऊन आले. पोरगं इअरफोन घालून भिंतीकडं तोंड करून बसलं."

बुधवारची ओळ वाचा. शाळा नव्हती त्या दिवशी फोनची आठवणही नाही. मग आईनं शाळेत येऊन विचारलं, तेव्हा निघालं असं की वर्गातली तीन पोरं याच्या चालण्याची नक्कल करून व्हिडिओ काढत होती आणि ग्रुपवर टाकत होती. नवीन काय टाकलं ते बघायची भीती, न बघायची त्याहून भीती. ते वर्गात माझ्या नाकाखाली चाललं होतं आणि मला वहीवरून कळलं. शुक्रवारच्या ओळीचं औषध तर पोराजवळ नव्हतंच.

तुमच्या वहीत वेगळं काही निघेल. कुठं बघायचं ते मात्र सांगतो. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९९७ मध्ये लेकरांच्या मनःस्थितीसाठी २५ मुद्द्यांची एक प्रश्नावली मांडली. त्यात पाच खण आहेत: भावनिक त्रास, वागणुकीच्या तक्रारी, चंचलपणा, सोबत्यांशी जमणं-न जमणं, आणि पाचवा खण चांगल्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या मदतीला धावणं. वही वाचताना हे पाच खण मनात ठेवा. पाचव्याला विसरू नका. रात्री एकपर्यंत खेळणारं पोरगं सकाळी आजीला न सांगता पाणी शेंदून देत असेल तर तेही वहीत यायला पाहिजे, पुढं बोलताना ते लागतं.

भावनिक त्रास ओळखायला अवघड असतो, कारण या वयातली उदासी रडत येत नाही, खेकसत येते. आधी आवडायचं ते क्रिकेट नको, मामाच्या गावी जाणं नको, वरचेवर पोट दुखतं, डोकं दुखतं, तपासणीत काही निघत नाही. वागणुकीतलं लगेच दिसतं: खोटं बोलणं, शाळेला दांडी, पैसे काढणं, आईवर हात उगारणं. चंचलपणा पहिलीपासूनचा असेल, एका जागी बसणं, वस्तू जपणं, धडा पुरा करणं कधीच जमलं नसेल, तर ते फोनमुळं झालं असं समजू नका. अशी लेकरं फोनच्या आहारी लवकर जातात, आणि मूळ त्रासाला उपचार आहेत. आधी उदासी की आधी फोन, यावर घरोघरी भांडणं होतात. दोन्हीकडून चालतं. एकटं पडलेलं लेकरू फोनमध्ये शिरतं, आणि फोनमध्ये शिरलेलं आणखी एकटं पडतं.

एक गोष्ट मात्र आठ दिवस न थांबता बघा, ती म्हणजे झोप. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळही पुढं सरकतं, लवकर डोळा लागत नाही. त्यात फोन, आणि सकाळी सातला क्लास. पाच तास झोपलेल्या पोराचा राग, विसराळूपणा, रडवेपणा यातलं किती व्यसनाचं आणि किती अपुऱ्या झोपेचं, ते झोप पुरी झाल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

नवव्या दिवशी: बोलणं

समोर बसवून बोलू नका. ती चौकशी होते. गाडीवर मागं बसवून, शेंगा फोडताना, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला जाताना, असं शेजारी-शेजारी बोला. त्याच्या हातात फोन असताना नको, पाहुण्यांपुढं नको, निकालाच्या दिवशी तर नकोच. एका बापानं मला त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं.

"रात्री लई उशिरापर्यंत जागायलास."

"अभ्यास करतो, अण्णा."

"असंल. मी म्हणतो, त्या गेममध्ये नेमकं काय असतंय? मला कायबी कळत नाही त्यातलं."

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळलं तर नाही कळलं. सांग तर."

बराच वेळ पोरगं गप्प. विहिरीजवळ आल्यावर म्हणालं, "आमची चौघांची टीम आहे. एक परळीचा, एक नांदेडचा. मी नसलो की हरतात ते."

बाप मला म्हणाला, "सर, वर्गात त्याला कोण विचारतंय? घरी मीबी फक्त शिव्याच घालतो. तिथं त्याच्याशिवाय हरतात म्हणे." या एका वाक्यासाठी आठ दिवस वही लिहायची असते. जो मुलगा कुणालाच नको असतो, त्याची तिथं रोज रात्री नऊ वाजता वाट बघितली जाते. त्याच्याकडून ते काढून घ्यायचं तर बदल्यात काय देणार, ते आधी ठरवावं लागतं.

त्या रात्री एवढंच पुरे. दोन-तीन दिवसांनी दुसरा प्रश्न: "फोनचं तुला काय चांगलं वाटतं, आणि तुझं तुलाच काय खटकतं?" खटकणारं त्याच्या तोंडून येऊ द्या. "सकाळी उठवत नाही" किंवा "डोळे चुरचुरतात" एवढंच म्हणालं तरी तिथून धागा धरा. "शेजारच्यांचा बघ," "आमच्या वेळी," "तुझ्यासाठी आम्ही उन्हात मरतो" ही तीन वाक्यं महिनाभर बंद. तिसरं खरं असतं, तरीही बंद.

करार, सगळ्या घराचा

कराराचा कागद लेकराच्या अक्षरात असावा आणि खाली घरातल्या प्रत्येकाची सही असावी. आजीचा अंगठाही चालेल, आजीच्या मालिकाही त्यात येतात.

पहिलं कलम रात्रीचं. नऊ-साडेनऊनंतर सगळ्यांचे फोन एका जागी चार्जिंगला, झोपायच्या खोलीबाहेर. फडताळावर, देव्हाऱ्याशेजारी, कुठंही. बापाचाही. "अलार्म लावायचा असतो" ही सबब हटकून येते, म्हणून बाजारातून एक साधं गजराचं घड्याळ आणा. माझ्या अनुभवात एवढं एक कलम पाळलं गेलं तरी तीन आठवड्यांत घर बदलतं, बाकीची कलमं कागदावरच राहिली तरी.

दुसरं, ताटावर फोन नाही. तिसरं, संध्याकाळचा एक ठरलेला तास पूर्ण घराचा फोन आणि टीव्ही बंद. हे एकट्या घराला जड जातं. शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत असेल तर पोरगं उंबऱ्यावर जाऊन बसतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ मध्ये गावानंच रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडं उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनंही त्याच वर्षी तसंच केलं. सगळ्या गावाचं जमेल तेव्हा जमेल. गल्लीतली चार घरं एकत्र आली तरी तास टिकतो.

चौथं कलम कमी करण्याचं. पाच तासांवरून एकदम शून्यावर आणू नका. आठवड्याला अर्धा-पाऊण तास कमी करत या. खेळणाऱ्या पोराची वेळ मिनिटांत ठरवू नका, डावांत ठरवा. सोबत खेळायच्या त्या गेमचा एक डाव वीस-पंचवीस मिनिटांचा असतो आणि मध्ये उठलं की टीममधल्यांच्या शिव्या पडतात. "आठ वाजले, ठेव" म्हटल्यावर जो भडका उडतो त्यातला बराचसा या मधे उठवण्याचा असतो. "जेवणाआधी दोन डाव" हे पोरांना मान्य होतं.

मोडलं तर दंड छोटा आणि आधी लिहिलेला हवा: दुसऱ्या दिवशी एक डाव कमी. मार नाही, उपाशी ठेवणं नाही, शाळा बंद करण्याची धमकी नाही. आणि कागदावर लेकराच्या मागणीचीही एक-दोन कलमं असू द्या. एका मुलीनं लिहिलं होतं, "पप्पांनी माझा फोन माझ्यासमोरच तपासायचा." योग्य मागणी होती.

माझ्या त्या ऊसतोडीवाल्या घराच्या कागदावर पहिलीच ओळ होती: आईचा फोन मोजायचा नाही.

सेटिंगचं काम दहा मिनिटांचं आहे, त्यावर फार विसंबू नका. डिजिटल वेलबीइंगमध्ये प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा घालता येते, बेडटाइम मोडनं पडदा काळा-पांढरा होतो, यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करता येतं, नोटिफिकेशन फोन आणि मेसेजपुरतं ठेवता येतं. लहान वयाच्या लेकरासाठी गुगलचं फॅमिली लिंक आहे. हे सगळं लेकराला शेजारी बसवून करा. चोरून लावलेलं कुलूप नववीचं पोरगं दोन दिवसांत उघडतं, आणि मग तुमच्यापासून फोन लपवायला शिकतं.

खवळण्याचे दिवस

पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट जातो. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून पालक चौथ्या दिवशी हात टेकतात. हट्ट करून जे मिळायचं ते मिळेना की लेकरू आधी तोच हट्ट दुप्पट करून बघतं. दार आपटणं, न जेवणं, आजीला मध्ये घालणं. आजी विरघळली की सगळं पहिल्यापासून. तुम्ही आवाज चढवू नका आणि कलमही बदलू नका. "राग आलाय ते दिसतंय. सकाळी बोलू." एवढंच म्हणून तिथून उठा. बहुतेक घरांत दहा-बारा दिवसांत हे ओसरायला लागतं.

इथं एक गोष्ट थांबून वाचा. "मी जिवाचं बरंवाईट करून घेईन" असं लेकरू म्हणालं, लिहिलं, स्टेटसला ठेवलं, तर नाटक म्हणून सोडू नका आणि "कर बघू" तर चुकूनही म्हणू नका. शांतपणे, सरळ विचारा: तुझ्या मनात मरायचे विचार येतात का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका. आणि आपली घरं शेतकऱ्यांची आहेत, कापसाच्या, तुरीच्या फवारणीच्या बाटल्या पलंगाखाली, न्हाणीत, कोनाड्यात पडलेल्या असतात. हा लेख वाचून एकच काम करणार असाल तर ते हे करा: औषधं कुलपात टाका, किल्ली मोठ्या माणसाजवळ. जिवावर बेतणारी ती घटका बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काही नसणं यानंच जीव वाचतात.

मोकळ्या वेळेचं काय

फोन कमी झाला की दिवसात भोक पडतं. "पुस्तक वाच" म्हणून ते बुजत नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच लेकरू घराबाहेर पडू शकत नाही. तेव्हा बाहेरचं सगळं पहाटे आणि सांजेला बसवा. किशोरवयात रोज साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडं पहाटे रस्त्यानं पोलीस भरतीची पोरं पळत असतात. आठवी-नववीच्या दोन-तीन पोरांना मी त्यांच्या मागं लावून दिलं, "बरोबरीनं नको, मागं पळा." मोठ्या पोरांनी नावानं हाक मारली एवढ्यावर ती रोज उठू लागली. ज्या मुलाची टीमला गरज होती त्याला इथंही टीमच पाहिजे: कबड्डी, व्हॉलीबॉल, गणपतीतलं लेझीम, हरिपाठाला पखवाज, जे असेल ते. दुपारसाठी हाताचं काम: सायकल खोलणं, मोटरचा स्टार्टर दुरुस्त करताना मदत, चुलत्याच्या गॅरेजवर दोन तास. सांगताना मात्र "अभ्यास होत नाही तर निदान हे कर" असं सांगू नका.

मुलींचं वेगळं आहे आणि त्यावर आपण कमी बोलतो. मुलगा फोन ठेवून पारावर जातो. मुलगी फोन ठेवून कुठं जाणार? सातच्या आत घरात, मैत्रिणीकडं नको, मैदान तर नाहीच. तिच्याजवळ अंगण म्हणून उरतो तो फोन. तिचा फोन कमी करायचा असेल तर तिला बाहेरचं काहीतरी मोकळं करून द्यावं लागेल: मैत्रिणींसोबत अभ्यास, सायकल, शाळेतला खो-खोचा संघ, मावशीकडं दोन दिवस. आणि तिच्या फोनमध्ये एखाद्या मुलाशी बोलणं सापडलं तर आमच्याकडची ठरलेली चाल, "शाळा बंद, स्थळ बघा," ही लेकराला त्रासातून खोल खड्ड्यात ढकलते. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे. असं कुठं शिजत असेल तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर कुणीही कळवू शकतं.

पैसे, फोटो, धमकी

वहीत पैशाची ओळ आली की थांबा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, पण लिंका ग्रुपवर फिरतच असतात. बापाच्या फोनचा यूपीआय पिन बदला, लेकरासमोर टाकू नका. पैसे फसवून गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

कुणी फोटोवरून धमकावत असेल तर पहिलं वाक्य: "चूक तुझी असो-नसो, आता मी तुझ्या बाजूला आहे." पैसे द्यायचे नाहीत. चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक, मग सायबर पोलीस. लेकरू अठराच्या आतलं असेल तर पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून बालकांना जपणारा कायदा लागतो आणि त्याची ओळख जाहीर करता येत नाही, त्यामुळं अब्रूच्या भीतीनं दडपू नका.

कुठं दाखवायचं

सहा-आठ आठवडे मनापासून करूनही फरक नाही, शाळा सुटली आहे, लेकरू हात उगारतं, स्वतःला इजा करतं, दिवसदिवस खोलीबाहेर येत नाही, किंवा मरणाचं बोलतं (यात आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी), तर मानसोपचार. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. समोर जाऊन दाखवायचं तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथं ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. बंगळूरूच्या निम्हान्स संस्थेनं तर तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिकच चालवलं आहे.

जाताना वही सोबत न्या. डॉक्टरांचे पहिले पंधरा प्रश्न तिच्यातच असतात. लेकराला "डॉक्टर तुला सरळ करतील" म्हणून नेऊ नका. "झोप लागत नाही, चिडचिड होते, त्याचं विचारून येऊ" एवढं खरं आणि पुरेसं आहे. डॉक्टर थोडा वेळ त्याच्याशी एकट्याशी बोलतील, तेव्हा बाहेर बसा. उपचार म्हणजे गोळ्याच असं नाही. विचार-वर्तनाच्या पद्धतीनं चालणाऱ्या समुपदेशनाच्या बैठका असतात, उदासी किंवा चंचलपणा जास्त असेल तर औषधही देतात. बाहेरची बाधा, नजर म्हणून आधी दुसरीकडं फिरून येणारेही असतात. फिरा, पण दवाखान्याची तारीख चुकवू नका.

घसरण, आणि अकरावी

दिवाळीच्या सुट्टीत, लग्नसराईत, दहावीच्या परीक्षेनंतर करार मोडतो. ते धरूनच चाला. वही परत काढा, पुन्हा चार दिवस लिहा, या वेळी लेकरालाच लिहू द्या.

सगळ्यात मोठी घसरण अकरावीला होते. लेकरू लातूरला किंवा नांदेडला क्लासला जातं, खोली, मेस, पहिल्यांदा स्वतःचा फोन, आणि रात्री विचारायला कुणी नाही. घरी कलमं पाळणारं पोरगं तिथं पहिल्या चाचणीत मागं पडलं की रात्रभर फोनमध्ये तोंड खुपसून बसतं, कारण गावात पहिलं येणारं तिथं तीनशेवं असतं. निघायच्या आधल्या आठवड्यात कागद नव्यानं लिहा. रात्रीचा फोन खोलीतल्या दोघा-तिघांनी मिळून एका डब्यात ठेवायचा, हे रूम पार्टनरशी त्याच्यासमोर बोलून या. फोन करताना "किती मार्क पडले" याच्या आधी "जेवलास का, झोपलास किती" हे विचारायचं, हे कलम बापाच्या सहीखाली. गजराचं घड्याळ पेटीत टाका. त्याचे सेल तिथल्या मेसशेजारच्या दुकानात मिळतात.